साष्टीची सुटका करणारे चिमाजी अप्पा

शेतकरी बंधूंनो, अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावं काढली की आपल्या डोळ्यांपुढे लोकलची गर्दी आणि इमारतींची रांग उभी राहते. भाजीचा टेम्पो घेऊन पहाटे तिकडे जाणाऱ्यांना तर आधी ट्रॅफिकच आठवतं. पण हीच गावं एके काळी आपल्या गावांसारखीच होती. भातखाचरं, मिठागरं, ताडामाडाच्या वाड्या आणि किनाऱ्याला कोळीवाडे. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला माहीमची खाडी आणि पश्चिमेला समुद्र, असं हे बेट. नाव साष्टी. सहासष्ट गावांचं बेट म्हणून साष्टी, असं जुनी माणसं सांगतात.

या बेटावर दोनशे वर्षं पोर्तुगिजांचं राज्य होतं. ते कसं गेलं, कोणी घालवलं आणि त्यानंतर काय झालं, हे आज सांगायचं आहे. १९४७ सालचं स्वातंत्र्य आपल्याला पाठ आहे. पण परक्या साम्राज्याच्या ताब्यातला मुलूख उठाव करून सोडवता येतो, हा धडा आपल्याच शेजारी १७३७ ते १७३९ या काळात गिरवला गेला. तो ज्यांनी तडीस नेला ते चिमाजी अप्पा म्हणजे थोरल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ.

परक्यांचं राज्य कसं होतं

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगिजांना तहात देऊन टाकला. त्यात साष्टी आली, मुंबईची बेटंही आली. मुंबई पुढे पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून गेली आणि १६६५ मध्ये इंग्रजांनी ताबा घेतला. साष्टी मात्र पोर्तुगिजांकडेच राहिली. मराठे या मुलखाला फिरंगाण म्हणत.

आता जमिनीचं काय होतं ते बघा. पोर्तुगीज राजाने गावंच्या गावं आपल्या सरदारांना आणि चर्चच्या संस्थांना तोडून दिली. सरदाराने राजाला वर्षाकाठी ठरावीक थोडी रक्कम भरायची आणि लढाईला माणूस द्यायचं. बाकी गावाचं उत्पन्न त्याचं. खाचरात चिखलणी करणारा, लावणी करणारा, कापणी-झोडणी करणारा शेतकरी आपल्याच बापजाद्यांच्या जमिनीवर कूळ होऊन राहिला. पिकाचा मोठा वाटा वाड्यावर जायचा.

धर्माच्या बाबतीतही जाच होता. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय बसलं. हिंदूंना उघडपणे लग्नकार्य, सण, पूजा करायला बंदी आली. पोरक्या मुलांना ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती केलं जाई. बोरिवलीजवळची मंडपेश्वर लेणी आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील. त्या लेण्यांच्या माथ्यावर जुन्या मठाच्या भिंती आजही उभ्या आहेत. देवाच्या जागेचं चर्च कसं झालं हे सांगायला दुसरा पुरावा नको.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करतो. साष्टीत आणि वसईत जे ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी राहिले ते कोणी परके नव्हेत. ते आपल्याच मातीतले, मराठी बोलणारे, भात लावणारे लोक. राज्य परक्यांचं होतं. गावात राहणारे हे लोक आपलेच होते.

आधी बी पडलं गावात

कुठलाही उठाव राजधानीत सुरू होत नाही. तो गावात सुरू होतो. साष्टीच्या उठावाचं बी पडलं ते अंजूर गावात. हे गाव आज भिवंडी तालुक्यात आहे. तिथले गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांचे भाऊ यांनी या कामाला वाहून घेतलं. या मंडळींनी खाडीच्या अलीकडे-पलीकडे माणसं जोडली. पोर्तुगिजांचे बुरूज किती, तोफा किती, शिपाई किती, खाडीला उतार कुठे मिळतो, भरती-ओहोटीची वेळ काय, ही सगळी खबर गोळा केली. आणि मग पुण्याला पेशव्यांकडे खेटे घातले.

असे खेटे किती काळ घालावे लागतात याचा अनुभव तुम्हाला आहेच. साधी फेरफाराची नोंद करून घ्यायची म्हटली तरी चपला झिजतात. इथं तर साम्राज्य उलथवायचं होतं. पण ही माणसं कंटाळली नाहीत. साष्टीची जी बखर आहे तिच्यात अंजूरकरांच्या या खटपटीची हकीकत आली आहे.

बी चांगलं असलं तरी पेरणी वाफशावर करावी लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. जमिनीला वाफसा नसताना पेरलं तर बी कुजतं. साष्टीला वाफसा आला १७३७ साली. पोर्तुगिजांची उत्तरेकडची फौज थोडी होती. गोव्याच्या सरकारकडे पैसा कमी होता. ठाण्याला खाडीच्या तोंडावर त्यांनी नवा किल्ला बांधायला काढला होता, पण तो अजून पुरा झाला नव्हता. तो एकदा पुरा झाला असता तर साष्टीचं दार कायमचं बंद झालं असतं. ही खबर पुण्यात पोचली आणि बाजीरावांनी मोहीम धाकट्या भावाच्या हाती दिली.

कोण होते चिमाजी अप्पा

अप्पांचे वडील बाळाजी विश्वनाथ हे मूळ कोकणातले, श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे घर सोडून त्यांना घाटावर यावं लागलं. काही काळ चिपळूणच्या मिठागरावर त्यांनी कारकुनी केली असं सांगतात. पुढे शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिलं. म्हणजे किनाऱ्यावर परका माणूस बसला की गावातल्या माणसावर काय वेळ येते, हे या घराला ऐकून माहीत नव्हतं. ते त्यांनी भोगलं होतं.

१७२० साली बाळाजींचं निधन झालं. बाजीराव विसाव्या वर्षी पेशवे झाले. चिमाजी त्याहून लहान, कोवळ्या वयाचे. पण तेव्हापासून दोघा भावांची जोडी जमली ती शेवटपर्यंत. बाजीराव बाहेर लढत, तेव्हा अप्पा घर, हिशेब, फौजेचा पैसा आणि दरबार सांभाळत. आपल्याकडे एक भाऊ शेतात आणि एक भाऊ बाजारात असला की घर चालतं, तसंच ते होतं. पण अप्पा नुसते कारभारी नव्हते. नोव्हेंबर १७२८ मध्ये माळव्यात अमझेऱ्याला त्यांनी मोगलांचा सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. ती लढाई फिरली आणि माळव्याचं दार उघडलं. १७३६ च्या एप्रिलमध्ये अलिबागकडच्या लढाईत सिद्दी सात हा जंजिऱ्याचा मातब्बर सरदार त्यांच्या फौजेने मारला.

घरचं दुःखही कमी नव्हतं. १७३० साली मुलगा सदाशिवराव जन्मला आणि थोड्याच दिवसांत त्याची आई रखमाबाई गेली. पानिपतावर लढलेले सदाशिवरावभाऊ ते हेच. आजी राधाबाईंनी नातू वाढवला. अप्पांची स्वतःची प्रकृतीही तोळामासाच. छातीचा विकार पाठीला लागलेला. अशा माणसाकडे दलदलीच्या मुलखातली, खाड्यांची आणि तोफांची मोहीम आली.

ठाणं पडलं, साष्टी सुटली

१७३७ च्या मार्च-एप्रिलमध्ये, उन्हाळा तापत असताना, मराठ्यांची माणसं रात्री ठाण्याच्या खाडीपार उतरली. वाट दाखवायला गावचीच माणसं होती. अर्धवट बांधलेल्या किल्ल्यावर हल्ला झाला आणि ठाणं पडलं. आज तिथे ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. पुढच्या काही दिवसांत बेटावरची बहुतेक गावं मराठ्यांकडे आली. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या भागातल्या लोकांनी दोनशे वर्षांनी पहिल्यांदा परका अंमल उठलेला पाहिला. त्याच साली वसईच्या उत्तरेचं अर्नाळा बेट घेतलं गेलं आणि तिथे नवा किल्ला उभा राहिला. त्या किल्ल्यावर बाजीरावांच्या नावाचा शिलालेख आजही वाचता येतो.

पण वसई मिळाली नाही. वेसावे, धारावी हे किनाऱ्यावरचे किल्लेही पोर्तुगिजांकडेच राहिले. (ही धारावी म्हणजे भाईंदरच्या बाजूची, मुंबईतली नव्हे.) पाऊस लागला, मोहीम थांबली. पुढच्या वर्षी बाजीराव भोपाळकडे निजामाशी गुंतले आणि फौज तिकडे गेली. ही संधी साधून १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीज सेनापती पेद्रो द मेलो ठाणं परत घ्यायला आरमार घेऊन आला. ठाण्याच्या किल्ल्यातून तोफ सुटली आणि तोच ठार झाला. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेल्या त्या किल्ल्यानेच त्यांना परत लावलं.

वसईचा वेढा

१७३८ च्या अखेरीस अप्पा पुन्हा कोकणात उतरले. या वेळी काम अर्धं सोडायचं नाही असं ठरवूनच. त्यांची रीत बघा. एकदम वसईवर धडक मारली नाही. आधी आजूबाजूची ठाणी एकेक करून तोडली. जानेवारी १७३९ मध्ये केळवे-माहीम, मग तारापूर. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर हे शूर सरदार पडले. मग धारावी, वेसावे घेऊन साष्टीच्या बाजूने वसईला मिळणारी मदत तोडली.

दुसरीकडे व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्यावरच चाल केली आणि मडगाव घेतलं. हे घोरपडे अप्पांचे मेहुणे. गोवा स्वतःच्याच काळजीत पडलं. वसईला माणूस, दारूगोळा, पैसा पाठवायचा कुठून? साम्राज्य कितीही मोठं असलं तरी त्याला एका वेळी सगळीकडे हात पुरवता येत नाही. पोर्तुगालहून जहाज यायला महिनेच्या महिने लागत. मुंबईच्या इंग्रजांनी चर्चची चांदी आणि तोफा तारण ठेवून थोडं कर्ज दिलं, पण उघड लढाईत उतरले नाहीत. शेजाऱ्याचं घर जळत असताना त्यांचं लक्ष आपल्या फायद्यावर होतं.

वसईचा किल्ला तीन बाजूंनी पाणी आणि दलदलीने वेढलेला. जमिनीकडून एकच बाजू, तिथे रेती. वरून तोफा आणि बंदुकांचा मारा. अशा ठिकाणी मावळे, कोळी, भंडारी आणि खणणारे मजूर यांनी रेतीत खंदक काढत काढत तटापर्यंत मजल मारली आणि तटाखाली सुरुंग भरले. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे हे सरदार येऊन मिळाले. काही सुरुंग उलटेही फुटले आणि आपलीच माणसं गेली. वेढा लांबला. पाऊस तोंडावर आला. पाऊस लागला असता तर आदल्या खेपेसारखंच परत फिरावं लागलं असतं. अप्पांनी तेव्हा गोलंदाजांना सांगितलं म्हणतात की किल्ला घेता येत नसेल तर माझं मस्तक तरी तोफेला बांधून आत टाका. ही दंतकथा असेल, पण त्या वेळची निकड तिच्यात नेमकी आली आहे.

मे १७३९ मध्ये सुरुंगांनी तट फुटला. वसईचा अधिकारी सिल्व्हैरा द मेनेझिस आधीच मारला गेला होता. त्याच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने शरणागतीचा करार केला. मराठ्यांची हानी ५,००० वर गेली असं इतिहासकार ग्रँट डफ यांनी नोंदलं आहे. म्हणजे पाच हजार घरांत कोणी मेलं किंवा कोणी जखमी होऊन आलं. विजयाच्या गोष्टी सांगताना हा आकडा आपण विसरतो. तो विसरू नये.

जिंकल्यावर अप्पा कसे वागले

करारात पोर्तुगिजांना आठ दिवसांची मुदत मिळाली. शस्त्रं आणि सामान घेऊन, वाजतगाजत, मानाने त्यांनी जावं असं ठरलं. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल आणि काही चर्च कायम राहतील, हेही ठरलं. दोनशे वर्षं ज्यांनी देवळं पाडली त्यांच्याशी जिंकणाऱ्याने असं वागणं ही मोठी गोष्ट आहे. वसई-साष्टीतले ख्रिस्ती गावकरी आजही आपल्या वाड्यांतून, गावठाणांतून नांदत आहेत.

काही चर्चच्या घंटा मात्र मराठे घेऊन गेले. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकराला त्या घंटा आहेत. वज्रेश्वरीला अप्पांनी नवस केला होता असं सांगतात. त्या देवीचं देऊळ पुढे उभं राहिलं. तुमच्यापैकी पुष्कळजण यात्रेला तिथे जात असतील. पुढच्या वेळी पायऱ्या चढताना ही हकीकत आठवा.

या मोहिमेत पोर्तुगिजांच्या हातून ४ मुख्य बंदरं, ८ शहरं, २० किल्ले आणि ३४० गावं गेली. १७४० साली चौलही सोडावं लागलं. गोवा, दमण आणि दीव तेवढे उरले. ते सुटायला डिसेंबर १९६१ उजाडावा लागला.

अप्पांना हे सुख फार दिवस मिळालं नाही. एप्रिल १७४० मध्ये नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात अप्पाही गेले. वयाची चाळिशीसुद्धा गाठली नव्हती असं मानतात. पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुण्याच्या ओंकारेश्वराच्या देवळाजवळ अप्पांची समाधी आहे.

पुढे राखण चुकली

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण पीक हाती आलं म्हणजे काम संपत नाही. राखण करावी लागते.

साष्टी मराठ्यांकडे ३७ वर्षं राहिली. परके जमीनदार गेले, त्यांची गावं सरकारात आली. पण शेतकऱ्यावर निरनिराळ्या पट्ट्या पेशव्यांच्या अमलातही बसल्या. ज्यांच्या खबरीवर मुलूख जिंकला त्यांच्याकडे पुढे पुरेसं लक्ष राहिलं नाही. आणि पुण्यात घर फुटलं. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथराव मदतीसाठी इंग्रजांच्या दाराशी गेले. पोर्तुगीज साष्टी परत घ्यायला येत आहेत अशी आवई उठली, ते निमित्त इंग्रजांना पुरलं. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कायमची इंग्रजांची झाली.

यात एक गंमत बघा. नेमक्या त्याच वेळी समुद्रापलीकडे अमेरिकेतल्या तेरा वसाहती इंग्रजांविरुद्ध लढत होत्या. तिथेही उठाव आधी गावागावांत झाला, मग फ्रान्सची फौज आणि आरमार बाहेरून मदतीला आलं, आणि इंग्रजांचा हात सगळीकडे पुरला नाही. १७८३ च्या तहात इंग्रजांनी त्यांचं स्वातंत्र्य मान्य केलं. म्हणजे जे साम्राज्य तिकडे तेरा वसाहती गमावत होतं, तेच इकडे आपल्या घरभांडणामुळे साष्टी मिळवत होतं. आणि ज्या पोर्तुगिजांना अप्पांनी घालवलं, त्यांनीही १६४० साली उठाव करून स्पेनच्या राजाचं राज्य झुगारलं होतं. स्वातंत्र्याची किंमत त्यांना कळत होती. दुसऱ्याच्या स्वातंत्र्याची मात्र कळली नाही.

त्यानंतर साष्टीवर पुन्हा १७० वर्षांवर परकं राज्य राहिलं. १९३० साली याच बेटावर विलेपार्ल्याला मिठाच्या सत्याग्रहाची छावणी पडली. जमनालाल बजाज तिचे पुढारी. ज्या खाड्यांच्या काठी पूर्वी परक्यांच्या तोफा होत्या, त्याच खाड्यांचं पाणी आटवून लोकांनी मीठ केलं. या खेपेला हातात तलवार नव्हती, पण सुरुवात पुन्हा साध्या माणसांनीच केली.

आपण काय घ्यायचं

शेतकरी बंधूंनो, तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींनो, तीन गोष्टी लक्षात राहिल्या तरी पुष्कळ झालं.

एक, माहिती. अंजूरकरांकडे सैन्य नव्हतं, पण आपल्या मुलखाची पक्की खबर होती. आपल्या गावाचा नकाशा, गटनंबर, गावठाणाची हद्द, पाणंद रस्ता, गायरान यांची खबर ज्या गावाला असते त्या गावाला कोणी सहज फसवू शकत नाही. साष्टीतली शेतं गेली ती पुढच्या काळात शहर वाढत गेल्यावर गेली. तेव्हा तोफा नव्हत्या, कागद होते.

दोन, वेळ. वाफसा ओळखावा लागतो. १७३७ साली ठाण्याचा तट पुरा होण्याआधी पाऊल उचललं म्हणून काम झालं. ग्रामसभेत हरकत घ्यायची मुदत असेल तर मुदतीतच घ्यावी. नंतर बोलून उपयोग नाही.

तीन, राखण. मुलूख सोडवायला दोन वर्षं आणि हजारो माणसं लागली. घालवायला घरातली दोन माणसं भांडली तेवढं पुरलं.

अप्पांनी आपल्या वाट्याचं काम चोख केलं आणि गेले. राखण पुढच्यांची होती. आजही ती गावात राहणाऱ्यांचीच आहे.